द्रुपदाक्काची छाट

द्रुपदाक्का कुठलीही वस्तू आधी अंगठ्याने दाबून बघायची आणि मगच तिच्याविषयी मत द्यायची. पेरू, पाव, तान्ह्या पोराचा गाल, नव्या सुनेचं मनगट, एकदा तर देवाला आणलेला नारळ. नारळ दाबून काय कळतं असं तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. उजव्या हाताचा तो अंगठा रुंद आणि चपटा होता, नखाच्या कडेने तंबाखूचा रंग कायमचा बसलेला. "डोळं फसत्यात, अंगठा फसत न्हाय," असं ती दिवसातून चारदा म्हणायची. या एका वाक्यावर तिने जन्मभर पोट भरलं आणि माझ्या मते याच वाक्याने ती गेली. डॉक्टरांचं मत इतकं सरळ नाही. आणि माझंही पूर्ण मत मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

निपाणीच्या एका विडी कारखान्यात ती चेकर होती. कारखाना नावाला, खरं तर पत्र्याची एक लांब शेड. बायका घरी विड्या वळायच्या, जुड्या बांधून सुपात घालून शेडमध्ये आणायच्या आणि चेकरपुढे रांगेत उभ्या राहायच्या. ढिली, वाकडी, तोंड नीट न मुडपलेली विडी चेकर बाजूला काढायची. त्या बाजूला काढलेल्या मालाला छाट म्हणत आणि छाटीची मजुरी मिळत नसे. दुसऱ्या कारखान्यांत ही छाट मागच्या दाराने जाते आणि पुढे बाजारातही येते, असं बायका आपसांत कुजबुजत. द्रुपदाक्काच्या छाटीबद्दल तसं कुणी बोललं नाही, कारण तिची छाट उरतच नसे. एकेक विडी दोन बोटांत धरून, वळणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत ती मोडून टाकायची. मोडताना बाईच्या तोंडाकडे बघायची. काही जणी रडायच्या. त्यांना ती सांगायची, "हितं रडू नगंस, तंबाखू भिजंल."

माझी आई, कमळाबाई, तिच्यापुढे पंधरा-सोळा वर्षं उभी राहिली. आम्ही बौद्ध. आमच्या गल्लीतल्या बायका रांगेत शेवटी असायच्या. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण असायच्या. आमच्या बायकांनी सूप हातात द्यायचं नाही, खाली ठेवायचं, आणि द्रुपदाक्का ते पायाने पुढे ओढून घ्यायची. विडी दाबताना मात्र तिला कुणाची जात आठवत नसे, फक्त सूप घेताना आठवायची. तिच्या सख्ख्या भावजयीच्या विड्या तिने सगळ्यांसमोर मोडल्या तेव्हा भावजय चिडून म्हणाली, "आक्का, घरचं माणूस तरी बघा की!" द्रुपदाक्का म्हणाली, "घरची हाईस म्हणून तर दोन जास्त मोडल्या." शेडभर हशा पिकला. शेवटच्या बायकाही हसल्या. तिच्या दुष्टपणातून कुणालाही सूट नव्हती, एवढं तिच्या बाजूने बोलता येईल.

कौतुक तिला माहीतच नव्हतं. चांगली जुडी आली तर ती न बोलता पेटीत टाकायची. त्या न बोलण्यासाठी बायका मरमर मरायच्या. आई एखाद्या संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवता पेटवता सांगायची, "आज आक्का काय बोलली न्हाय गं." त्या दिवशी भाकरीबरोबर काहीतरी चमचमीत असायचं.

माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पाचव्या दिवशी आई विडीची पानं कापायला बसली. भेटायला येणारी माणसं थांबली होती आणि घरात हातांना दुसरं काम नव्हतं. सहाव्या दिवशी ती माल घेऊन शेडमध्ये गेली, मी तिच्या पदराला धरून. आईचे हात त्या आठवड्यात थरथरत होते, ते विड्यांत दिसत होतं, मलासुद्धा दिसत होतं. द्रुपदाक्काने एक विडी दाबली, दुसरी दाबली, जुडी सोडली आणि मोडायला सुरुवात केली. रांगेतली कुणीतरी म्हणाली, "आक्का, तिचा मालक गेलाय गेल्या आठवड्यात." द्रुपदाक्काचा हात थांबला नाही. "ठाव हाय मला. दुख घरात ठिवून यायचं. पानात गुंडाळून आणायचं न्हाय."

जवळजवळ अख्खं सूप मोडलं तिने. आई शेवटची विडी मोडून होईपर्यंत खाली मान घालून उभी राहिली, मग रिकामं सूप उचललं आणि आम्ही घरी आलो. आईने पाय धुतले आणि ती पुन्हा वळायला बसली. मी मात्र त्या दिवशी द्रुपदाक्काला मनातल्या मनात मारलं. नऊ वर्षांच्या पोरीला सुचतं तसं, दगडाने. पुढे बरीच वर्षं मी तिला वेगवेगळ्या तऱ्हेने मारत राहिले. शाळेत पहिला नंबर आला की मारायचे, शिष्यवृत्ती मिळाली की मारायचे. मी औषधांचं शिक्षण घ्यायला बेळगावला जाणार हे आईने तिला हौसेने सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "गोळ्या मोजायला कालेज लागतंय व्हय?" आईने घरी येऊन ते हसत हसत सांगितलं. आईचं ते हसणं मला द्रुपदाक्कापेक्षा जास्त लागलं.

"तुला राग कसा येत नाही गं तिचा?" मी एकदा आईला विचारलं.

"येतोय की. लई तिखट बाई," आई म्हणाली. "पर हात काय हात हुता!"

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझं लग्न झालं, बेळगावातच खडेबाजारच्या एका बोळात मी औषधांचं दुकान टाकलं, आईला निपाणीहून कायमची घेऊन आले. आईला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला, तिला रोजची एक गोळी लागली. आणि एका सकाळी दुकानाच्या फळीवर तो पिवळट अंगठा टेकला.

"तू कमळीची न्हवं? हनवटी तिचीच हाय."

द्रुपदाक्का म्हातारी झाली होती, पण वाकली नव्हती. अंगाने सुटली होती, एवढंच. तिचा मुलगा मारुती बेळगावच्या एका कारखान्यात लागला होता, त्याने पिरनवाडीत घर बांधलं होतं आणि आईला आणून ठेवलं होतं. पिरनवाडीत औषधांची दुकानं नव्हती असं नाही. पण ती दर महिन्याला बसने माझ्याकडे यायची. का, ते तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हितली समदी अनोळखी. तू आमच्या निपाणीची पोरगी. आईगत ढिली असशील, पर फशीवणार न्हाईस."

तिलाही रक्तदाब होता आणि गोळीही आईचीच होती, त्याच नावाची. त्या गोळीत रक्तदाबाच्या औषधाबरोबर लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. लोक तिला पाण्याची गोळी म्हणतात. जुनी, स्वस्त, खूप जणांना लागू पडणारी गोळी आहे, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. द्रुपदाक्का पट्टी हातात आली की एक गोळी बाहेर काढायची, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून दाबायची. गोळी दगडासारखी होती, हलायची नाही. "घट्ट हाय. चालंल," ती म्हणायची आणि तीच गोळी तोंडात टाकून माझ्याकडे पाणी मागायची. खोकल्याच्या, तापाच्या, कसल्याही गोळीची तिच्याकडून हीच तपासणी. एखादीचा टवका निघालेला असला तर पट्टीच परत. "ही छाट. दुसरी काढ." मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हसायची. मी मान खाली घालून दुसरी पट्टी काढायचे. आपल्या दुकानात, आपल्या फळीमागे, आपली पदवी भिंतीवर टांगलेली असताना मी सूप घेऊन उभी आहे असं मला दर महिन्याला वाटायचं. पाण्याचा पेला ती माझ्या हातातून घ्यायची, हे मात्र मी टिपून ठेवलं होतं. काळ बदलला होता की तहान लागली होती, कोण जाणे.

घरी आई विचारायची, "आलती व्हय? काय म्हणाली?" मी सांगायचे. आई हसायची आणि वर विचारायची, "अजून तशीच दाबून बघती?"

मागच्या दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. दुपारी दुकानात गर्दी नसली की मी औषधांच्या खोक्यांतले घडीचे कागद वाचत बसते. त्या बारीक अक्षरांत सगळ्या जगाचे आजार लिहिलेले असतात, कुणी वाचत नाही. आईच्या गोळीच्या कागदावर, कधीकधी होऊ शकणाऱ्या त्रासांच्या लांबलचक यादीत, पित्ताशयाला सूज असं लिहिलेलं दिसलं. शिकताना कधीतरी हे वाचलं असणार, विसरले होते. आई काही दिवस जेवल्यावर उजव्या बाजूला जड वाटतं म्हणत होती. मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून तिला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत बारीक खडे निघाले. डॉक्टर भले होते, समजावून बोलले. म्हणाले, "ह्या गोळीमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. ह्या वयात, ह्या वजनाच्या बाईला खडे तसेही होतात. पण गोळीचा थोडा हात असू शकतो, आणि दुसरी गोळी हाताशी आहे, तर बदलू या. मनानं मात्र काही बंद करायचं नाही." त्यांनी पाण्याचं औषध नसलेली एक पांढरी गोळी लिहून दिली. ती मऊ होती, नखाने कोपरा निघायचा. आईला ती मानवली आणि पथ्याने तिचं पोटही शांत झालं.

संक्रांतीनंतर द्रुपदाक्का आली ती बरगडीवर हात दाबून.

"जेवलं की हितं कळ येती गं. उजव्या अंगाला. पाठीतनं वर खांद्यापतोर जाती. काल पोरानं मटण आणलंतं, रात अशी गेली म्हणून सांगू."

ती बोलत होती आणि मला सगळं दिसत होतं. घडीचा कागद, आईची सोनोग्राफी, डॉक्टरांचं बोलणं. एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं, "आंबट ढेकर येतात का?" ती म्हणाली, "येत्यात की." मी तिला जळजळीचं पातळ औषध दिलं. तिने बाटली दाबता येत नाही म्हणून हलवून बघितली आणि गेली.

त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की मी डॉक्टर नाही. खरंच आहे, मी डॉक्टर नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, कळ वाढली होती, चेहरा उतरला होता. मी पुन्हा बाटली दिली. पैसे परत देता देता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "एकदा डॉक्टरांना दाखवा." सगळ्यांना म्हणते तसं. बसमधून उतरताना कंडक्टर सावकाश म्हणतो तसं. आणि ती गेल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिच्या तोंडावरची ती वेदना मी पट्टीवरची तारीख बघावी तशी नीट बघून घेतली होती.

ती डॉक्टरकडे गेली. हे मला अपेक्षित नव्हतं. शिमग्याच्या सुमारास ती दुकानात आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीत सोनोग्राफी लिहिली होती, आणि जुन्या गोळीच्या नावावर काट मारून खाली नवी गोळी लिहिली होती. आईचीच ती मऊ पांढरी गोळी.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"कन्नडमधी बोलला, मराठीत बोलला, हुशार माणूस. दोन्ही भाषांत एकच सांगिटलं, गोळी बदल, फोटू काढून आण. का, ते कुठल्याच भाषेत सांगिटलं न्हाय."

"फोटो काढलात?"

"पोटात काय हाय ते माझं मला कळतंय. त्याला मशीन कशाला?"

मी नवी पट्टी काढून फळीवर ठेवली. तिने रिवाजाप्रमाणे एक गोळी बाहेर काढली, अंगठ्याखाली धरली आणि दाबली. गोळी फुटली. पांढरा भुगा तिच्या अंगठ्यावर आणि फळीवर पडला. तिने तो भुगा मला दाखवला. चाळीस वर्षांपूर्वी बायकांना मोडलेली विडी दाखवायची तशीच, माझ्या तोंडाकडे बघत.

"ह्याला गोळी म्हणायचं? ही छाट हाय. आईचा हात ढिला आणि पोरीचा मालबी ढिला." मागे दोघं-तिघं उभे होते, ते हसले. "माझी जुनीच दे. ती घट्ट हाय."

डॉक्टरांनी ती का बंद केली हे बेळगावात त्या क्षणी मला जितकं ठाऊक होतं तितकं क्वचितच कुणाला असेल. आक्का, तुमच्या पित्ताशयात काहीतरी असणार, म्हणून ती गोळी मुद्दाम काढली आहे, ही मऊ असली तरी हीच घ्या, माझी आईही हीच घेते. इतकं बोलायला किती वेळ लागतो? तिने ऐकलं असतं का, हे मला माहीत नाही. कदाचित नसतंही. पण मी बोलून बघितलं नाही. चिठ्ठीवर काट मारलेली गोळी द्यायची नसते, हे मी दुकानात कामाला ठेवलेल्या मुलींना शिकवते. मी मागे वळले, जुन्या गोळीच्या दोन पट्ट्या काढल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. फळीवरचा भुगा फडक्याने पुसून घेतला. तिने घट्ट गोळी दाबली, "हां, ही बघ," म्हणाली आणि पाणी मागितलं.

मी पाणी दिलं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मारुतीचा फोन आला. द्रुपदाक्काला सकाळपासून उलट्या होत होत्या, ताप भरला होता, डोळे पिवळे दिसत होते. गावातल्या एका इस्पितळात तिला भरती केलं होतं. तिथे औषधांची विचारपूस चालली होती आणि तिच्या औषधांच्या पिशवीवर माझ्या दुकानाचं नाव होतं म्हणून त्याने फोन केला. मी गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. काळजीने गेले म्हटलं तर ते खोटं होईल.

पित्ताशय खड्यांनी भरलं होतं आणि सडायला लागलं होतं, तातडीने ऑपरेशन करावं लागणार होतं. खाटेपाशी एक तरुण डॉक्टर उभा होता. त्याच्या एका हातात ती काट मारलेली चिठ्ठी, दुसऱ्या हातात जुन्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. "आज्जी, ही गोळी बंद करायला सांगितली होती ना? मग ही का घेत होता?" तो विचारत होता. द्रुपदाक्काने डोळे उघडले. मी पायथ्याशी उभी होते, मला तिने पाहिलं.

"ती नवी छाट हुती," ती म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती, तरी सुरात तोच ताठा. "आणि ही कुणी दिली ठाव हाय? आमच्या निपाणीच्या पोरीनं. ती हितंच हाय बघा. लई शिकल्याली हाय. तिला कळलं न्हाय असं हुयाचं न्हाय."

तिच्या तोंडून चांगला शब्द ऐकला तो मी हा एकच. माझ्या आईला सोळा वर्षांत एकही मिळाला नव्हता. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. त्याला पुढच्या खाटेवर कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर पडले.

ऑपरेशन झालं, पण विष अंगात पसरलं होतं. आठव्या दिवशी ती गेली.

पंधरा दिवसांनी मारुती दुकानात आला. उरलेल्या पट्ट्या त्याने फळीवर ठेवल्या. गरीब माणूस, मी त्याला कधी आवाज चढवून बोलताना ऐकलं नाही. त्याने हळूच विचारलं, "बाई, ह्या गोळीनं झालं काय हो? डागदर म्हणत्यात, हात असंल, नसंल, खडं आधीचंच असणार. तुमी औषधातल्या. तुमी सांगा."

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले.

इतकं खरं वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन. खडे एका महिन्यात होत नाहीत, ते आधीपासून होते. तिचं वय होतं, वजन होतं, खाणं होतं. पाण्याच्या गोळीने ते वाढले की नाही, शेवटच्या महिन्यात ती थांबवून फरक पडला असता की नाही, जगातला कुठलाही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणि सोनोग्राफी तर तिने स्वतःच करून घेतली नव्हती. या सगळ्या वाक्यांवर मी पाठ टेकून झोपू शकते. झोपतेही.

"तुमाला ठाव असतं तर तुमी सांगिटलंच असतंसा की," मारुती म्हणाला. त्याला धीर हवा होता.

"हो," मी म्हणाले.

आईला हे काहीच सांगायचं नव्हतं मला. पण ती मारुतीच्या घरी भेटायला गेली. मी नको म्हणत होते. "सोळा वर्सं तिच्यापुढं हुबी हुते, एकदा तिच्या दारात जायाला नगं?" म्हणाली आणि बसने एकटी पिरनवाडीला जाऊन आली. मारुतीने तिला सगळं सांगितलं, साधेपणाने, मनात काही न ठेवता. संक्रांतीनंतर सुरू झालेल्या कळेचं, माझ्याकडून नेलेल्या बाटल्यांचं, अंगठ्याने फोडलेल्या गोळीचं, माझ्याकडून घेतलेल्या जुन्या पट्ट्यांचं, इस्पितळात द्रुपदाक्काने माझी बाजू घेतल्याचं.

परत आल्यावर आईने पाय धुतले. आपल्या डब्यातून ती मऊ पांढरी गोळी काढली, हातावर घेऊन बसली.

"हीच व्हय ती? तिनं छाट म्हणून टाकल्याली?"

"हो."

"माझी बदललीस तवा दिवाळी व्हायची हुती."

मी तिच्या डब्याचं झाकण लावलं.

"तिला कळ आली संक्रांतीनंतर. तुला ठाव हुतं."

"आई, तिनंच मागितली जुनी. ऐकणारी बाई होती का ती? आणि तिनं तुझ्याशी काय केलं होतं, विसरलीस? बाबा गेले तेव्हा..." माझा आवाज चढला. इतकी वर्षं मी हे सगळं कुणासाठी मनात धरलं होतं?

आईने गोळी पाण्याबरोबर घेतली. पेला खाली ठेवला.

"ती मोडायची ते माझ्या तोंडावर मोडायची, शोभा," ती म्हणाली. "मला घरी जाऊन परत वळता यायचं."

त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. माझ्याशी नीट बोलते, स्वयंपाकात मदत करते, माझ्या मुलांना जवळ घेते. फक्त दर महिन्याच्या एक तारखेला छत्री किंवा काठी घेऊन बाहेर पडते. दुकान आमचं, घरात गोळ्यांची खोकी पडलेली, पण आई आपली रक्तदाबाची गोळी बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानातून आणते. तिथे तिला कुणी ओळखत नाही.